चहाच्या रंगाचे डोळे

३ मार्च

विहीणबाई,

दुसरी बादली अर्धी भरली होती तेव्हा टपालवाला फाटकाशी आला. हात न धुता पाकीट फोडलं, त्यामुळे तुमच्या पत्रावर हिरवे ठसे उमटले. या कागदावरही असतील. शेवाळ आहे. वाळलं की वास जातो.

तीन वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. आधी वाटलं, मुलांचं काहीतरी बिनसलं. उभ्यानेच वाचलं. मुलांचं नाव नाही, कुशल नाही. 'पोहण्याच्या तलावाच्या शिडीवर अथवा भिंतीवर किड्यांच्या वाळलेल्या काती आढळल्यास दहा नग, जबड्यासह अखंड, पाठवावेत.' खाली सही आणि संग्रहालयाचा शिक्का. जीव भांड्यात पडला.

माझ्या तलावात किडे आहेत हे तुमच्या सूनबाईने सांगितलं असणार. लहान असताना माझी ही लेक सुट्टीभर इथेच असायची, तिला कोपरान् कोपरा माहीत.

कात अजून एकही दिसली नाही, पण त्यांचे मालक बहुधा सापडले. थंडीत तलाव बंद असतो. औषध टाकत नाही, पाणी हिरवं होतं. वीस तारखेला ते सोडायचं, मग रंगारी येणार, आणि एक मेला तलाव उघडायचा. म्हणून तळाचा गाळ जाळीने काढत होतो. त्यात हे निघाले. बोटाएवढे, मातकट, सहा पायांचे, चेहरा तोबरा भरल्यासारखा. एकाला चिमटीत धरलं तर त्याने मागच्या बाजूने पाण्याची चिळकांडी उडवली, थेट माझ्या चष्म्यावर.

काल संध्याकाळी वीस जण मोजून एका बादलीत ठेवले. आज सकाळी चौदा. बादलीवर झाकण होतं, झाकणावर वीट. पहारेकऱ्याच्या मांजरावर संशय आहे, पण वीट उचलून परत ठेवणारं मांजर मी अजून पाहिलेलं नाही.

हे तुमच्या कामाचं असेल तर सांभाळतो. नसेल तर नाल्यात सोडतो. लवकर कळवा.

— व्याही


८ मार्च

व्याहीबुवा,

मांजर निर्दोष आहे. त्या सहा जणांना बाकीच्या चौदांनी खाल्लं. हे पत्र पोचेपर्यंत आणखी कमी होतील, म्हणून आधी काम सांगते, कारण नंतर.

प्रत्येकाला वेगळं भांडं. पाणी तलावाचंच, नळाचं नको. भांड्यात एक खरबरीत काडी उभी करा, पाण्याबाहेर वीतभर येईल अशी. खायला डासांच्या अळ्या किंवा गांडुळाचे तुकडे.

ही चतुराची पिल्लं आहेत. तोच चार पंखांचा चतुर, ज्याला मुलं हेलिकॉप्टर म्हणतात. उडायला लागण्याआधी तो कितीतरी महिने पाण्यात काढतो, काही जाती तर वर्षं. तुम्हाला दिसला तो तोबरा नव्हे, खालचा ओठ आहे. कोपरात दुमडलेल्या हातासारखा तो हनुवटीखाली मिटलेला असतो आणि टोकाला दोन आकडे असतात. भक्ष्य टप्प्यात आलं की ओठ सुटतो, पकडतो, परत मिटतो. पापणी लवायच्या आत. चिळकांडीबद्दल: त्याचे कल्ले शरीराच्या मागच्या टोकात, आत असतात. तो तिथून पाणी ओढून श्वास घेतो, आणि घाबरला की तेच पाणी जोराने सोडून पुढे निसटतो. तुमच्या चष्म्यावर जे आलं तो त्याचा उच्छ्वास होता.

संग्रहालयाच्या भिंतीसाठी मी चतुराच्या आयुष्याचा तक्ता काढते आहे. तेरा एप्रिलला तो छापखान्यात जातो. त्यानंतर मी निवृत्त होते, त्यामुळे हे माझं तिथलं शेवटचं काम. चार आकृत्या झाल्या. पाचवी कातीची, ती अडली, कारण आमच्याकडच्या सगळ्या काती कुणीतरी खण आपटून मोडल्या आहेत. तुम्हाला कात ओळखू यावी म्हणून झालेल्या भागाची रंगीत प्रत सोबत ठेवते.

मुलं कुशल आहेत. मागच्या पत्रात ते राहून गेलं.

— विहीण


१२ मार्च

विहीणबाई,

अकरा वाचले. कपडे बदलायच्या खोलीत अंघोळीचे चाळीस मग आहेत, त्यातले अकरा घेतले आणि उरलेले पुढच्या पिल्लांसाठी ठेवले. काड्या खराट्याच्या. आमच्या हिने विचारलं, "खराटा एकदम बारीक कसा झाला?" म्हटलं, वापराने.

गाळात अजून आहेत. रोज दोन-तीन निघतात. बाकावर मगांची रांग लागली आहे, प्रत्येकावर नंबर. सातव्याला गांडूळ आवडत नाही. मलाही आवडलं नसतं.

तुमची प्रत पाहिली आणि आज शिडीच्या मागच्या बाजूला हात घातला. चार काती. दांडीला घट्ट धरून बसलेल्या, पाठ उसवलेली, आतून पांढरे दोरे लोंबताहेत. ओठ शाबूत. साबणाच्या डबीत कापसावर ठेवून पाठवतो आहे.

चित्र फार बारकाईचं आहे. पंखांतली जाळी बघताना मी भिंग घेतलं आणि भिंगातूनही रेघ चुकलेली दिसली नाही. एकच गोष्ट. छापताना रंग उतरला असेल म्हणून कळवतो. डोळे चहाच्या रंगाचे आले आहेत. उडी मारायच्या फळीवर एक चतुर मागच्या आठवड्यात रोज यायचा, त्याचे डोळे हिरवे होते. बाटलीच्या काचेसारखे, वरून थोडे निळे. छापखान्याला सांगा, आत्ताच दुरुस्त करतील.

— व्याही


१६ मार्च

व्याहीबुवा,

काती मिळाल्या. आभार.

रंग उतरलेला नाही. मी तो तसाच दिला आहे. या संग्रहालयात चतुरांचे दोन हजार सहाशे नमुने आहेत आणि एकतीस वर्षांत मी त्यांतला प्रत्येक भिंगाखाली घेतला आहे. एकाचेही डोळे हिरवे नाहीत. तपकिरी आहेत, काहींचे काळपट तपकिरी.

तुमचं हे मत मला नवीन नाही. मुलांच्या लग्नात मी त्यांना एक चित्र दिलं होतं, चतुराचं. चार महिन्यांचं काम होतं ते. तुम्ही ते हातात धरून शेजारच्या फुलवाल्याला म्हणालात, "काढलंय झकास, पण मेलेला वाटतो." मी तुमच्या मागेच उभी होते, पाण्याचा ग्लास घेऊन. तो तुमच्यासाठीच आणला होता.

तीन वर्षं मी हे कुणाला बोलले नाही. सूनबाईलाही नाही. तिचा यात काही दोष नाही.

आणखी काती मिळाल्या तर पाठवाव्यात. न मिळाल्या तरी चालेल.

— विहीण


२० मार्च

विहीणबाई,

बोललो होतो. आठवतं. फुलवाला म्हणाला होता, "चतुर उडून जाईल असं वाटतंय ना?" आणि मला खरं बोलायची खोड. ग्लासाचं मात्र आत्ता कळलं. त्या दिवशी तहान फार लागली होती.

आमच्या हिने तुमचं पत्र वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी "हं" आणि "जेवायला या" एवढंच बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "विहिणीच्या चित्राला असं बोलतात? आणि तेही फुलवाल्याला?" मी विचारलं, फुलवाल्याला नाही तर कुणाला बोलायचं होतं. त्यावर पुन्हा "हं".

असं बोललो याची माफी मागतो, मनापासून. रंगाची माफी मागायची की नाही, ते नीट पाहून मग सांगतो. फळीवरचा चतुर आता येत नाही. पण मगांत बावीस जण आहेत. त्यातला एखादा समोर बाहेर आला की हातभर अंतरावरून डोळे पाहीन आणि जे दिसेल तेच लिहीन.

आज वीस तारीख. मॅनेजरसाहेबांना सांगितलं, तळाचा व्हॉल्व्ह अडकलाय, पाणी सुटत नाही. तो अडकलेला नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलं खोटं. फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण फोनवर आवाज चढला तर खोडता येत नाही.

— व्याही


२७ मार्च

व्याहीबुवा,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. दुसऱ्या वेळी हसू आलं, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

आता माझं ऐका. आमच्याकडे प्रत्येक किड्याखाली, त्याच टाचणीत ओवलेली, नखाएवढी चिठ्ठी असते. तिच्यावर तारीख, जागा, नंबर. चिठ्ठी वरूनच वाचायची, टाचणीवरून काढायची नाही. कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी हा नियम शिकवतात आणि मी तो एकतीस वर्षं पाळला. परवा एक टाचणी गंजून मोडली. किडा हातात, चिठ्ठी जमिनीवर. ती पालथी पडली होती. मागे पेन्सिलीने लिहिलं आहे: 'डोळे हिरवे, वर निळसर. संध्याकाळी पाहिले तर रंग गेलेला.'

कुणाचं अक्षर, माहीत नाही. सही नाही. किडा सत्तर वर्षांपूर्वीचा. शेजारच्या टेबलावर चिठ्ठ्या लिहिणारे काका बसतात, त्यांना दाखवली. ते म्हणाले, "कुणीतरी थट्टा केली असेल." संग्रहालयात सत्तर वर्षांत कुणी थट्टा केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एक चिठ्ठी, तीही पेन्सिलीची, आणि समोर दोन हजार सहाशे नमुने. एवढ्यावर मी हात लावला नसता. पण चिठ्ठीत 'वर निळसर' आहे आणि तुमच्या पत्रातही 'वरून थोडे निळे' आहे. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखत नाही.

काल पात्याने मोठ्या आकृतीचे डोळे खरवडले. पांढरा कागद दिसेपर्यंत. आज हिरवा रंग भरायला घेते आहे, तुमच्या शब्दावर. हे लिहून ठेवा. मी असं कुणाच्या शब्दावर कधी केलेलं नाही.

— विहीण


२७ मार्च

विहीणबाई,

पाहिलं. परवा सकाळी साडेपाचला नऊ नंबरचा काडीवर चढून बसला होता. मी बाक ओढून समोर बसलो. आधी अर्धा तास काही नाही. मग पाठ उसवली. शिवण उसवते तशी, मधोमध. त्यातून पाठ फुगून वर आली, मग डोकं, मग पाय. अर्धा बाहेर आला आणि उलटा लटकला. हालचाल बंद. मला वाटलं, गेला. पंचवीस मिनिटं तसाच. मी त्याच्याशी बोललोसुद्धा. काय बोललो ते लिहीत नाही.

मग एकदम वर वाकला, स्वतःचीच कात पायांनी धरली आणि शेपूट सोडवून घेतली. पंख होते कुठे? खांद्यावर चुरगळलेल्या चार चिंध्या. त्या भरत गेल्या. कुणी ओढत नव्हतं, आतूनच भरत होत्या. दहा मिनिटांत बोटाएवढे, वीस मिनिटांत पूर्ण. दुधासारखे पांढरे. मग हळूहळू काचेसारखे. एवढा मोठा प्राणी एवढ्याशा कातीत मावला होता कसा, हे कात हातात घेऊनही समजत नाही.

एक चूक माझी. काडी मगाच्या कानाच्या फार जवळ होती. उजवा मागचा पंख ओला असताना कानाला टेकला आणि टोक दुमडलेलंच वाळलं. सरळ करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. आठ वाजता तो उडाला. जरासा तिरका, पण उडाला. तलावावरून, भिंतीवरून, पलीकडे. मी त्याला वाकड्या म्हणतो.

आता डोळे. हातभर अंतरावरून, चांगल्या उजेडात, दोन तास पाहिले. मळकट तपकिरी. हिरव्याचा मागमूस नाही. त्यानंतर आणखी तिघे आले, तिघांचेही तसेच. फळीवरचा मी दहा हातांवरून पाहिला होता आणि खाली पाणी हिरवंगार. पाण्याचाच रंग त्याच्या डोळ्यांत दिसला असणार.

तुमचं बरोबर, माझं चूक. एकतीस वर्षांपुढे मी एक आठवडा घेऊन उभा राहिलो. रंगाचीही माफी मागतो. चित्राला हात लावू नका.

— व्याही


३१ मार्च

व्याहीबुवा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली.

हात लावून झाला आहे. मोठ्या आकृतीचे दोन्ही डोळे हिरवे आहेत, वर निळसर. सुकले.

कागद एकदा खरवडणं सोसतो. दुसऱ्यांदा खरवडला तर भोक पडतं. नवा तक्ता काढायला सात आठवडे लागतात आणि माझ्याकडे दोन आहेत. त्या भिंतीवर तो तीस-चाळीस वर्षं राहील. शाळेची मुलं येतील आणि त्यावरून शिकतील. तपकिरी की हिरवे, एवढंच मला हवं आहे. आता रागवायलाही वेळ नाही.

एक गोष्ट सांगते. ती तुमच्यापाशीच राहू दे. मी जिवंत चतुर जवळून कधी पाहिलेला नाही. माझी खोली तळघरात आहे. दिवा, भिंग, डांबरगोळ्या, खण. रस्त्यावरून जाताना वर काहीतरी चमकून गेलेलं दिसतं, इतकंच. आतापर्यंत ते मला पुरलं. सगळे म्हणतात, मी चतुरांतली जाणकार. तुम्ही चार तर बाहेर येताना पाहिलेत.

पुन्हा पाहा. उडून गेलेल्याला पाहा.

— विहीण


५ एप्रिल

(कार्ड)

व्याहीबुवा, उत्तर नाही. तुमच्या जिभेलाही व्हॉल्व्ह बसवला आहे का? — वि.


७ एप्रिल

(कुरियरने)

विहीणबाई,

लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तलावाच्या कडेने फिरत होतो. उडून गेलेले फिरकत नव्हते. गेल्या तेरा दिवसांत एकही नाही.

आज दहा वाजता आला. फळीपासून खोल बाजूपर्यंत जायचा, वळायचा, परत. जागच्या जागी थांबायचा, मागेसुद्धा सरकायचा. चारही पंख वेगवेगळे चालताना दिसत होते. एक माशी त्याच्या वाटेत आली. पुढे काय झालं ते मला दिसलं नाही, फक्त माशी नव्हती. मग फळीच्या टोकाला लटकला. उजव्या मागच्या पंखाचं टोक दुमडलेलं.

मी फळीवर पोटावर पडलो आणि कोपरांवर पुढे सरकत गेलो. हातभरावर थांबलो. खालून मॅनेजरसाहेबांचा आवाज आला, "काय करताय?" म्हटलं, "फळी तपासतोय." हे दुसरं खोटं. वाकड्या हलला नाही.

विहीणबाई, हिरवे आहेत. वरून निळे. तोच तो. त्याच्या पंखाचं टोक माझ्या हलगर्जीपणाने दुमडलं आहे, दुसरं कुणाचं तसं असणार नाही. मगातून निघाला तेव्हा तपकिरी होता, हे माझ्याच पत्रात लिहिलेलं आहे. रंग नंतर चढतो. मी नको तेवढ्या लवकर पाहिलं आणि तुमच्या खणातल्यांना तुम्ही नको तेवढ्या उशिरा.

फोटो काढला. त्यात माझा अंगठा आहे आणि आकाश.

पण आता माझ्या शब्दावर काही करू नका. मी एकदा हिरवे म्हणालो, एकदा तपकिरी, आता पुन्हा हिरवे. अशा माणसाच्या भरवशावर चाळीस वर्षं भिंतीवर टांगायचं नसतं. तुम्ही या. तो रोज येईल असं वाटतं, ही हद्द त्याने धरली आहे. सोमवारी तेरा तारखेला मात्र पाणी सोडावंच लागेल. साहेब प्लंबर आणायचं म्हणताहेत आणि प्लंबर आला की माझं बिंग फुटेल.

— व्याही


९ एप्रिल

व्याहीबुवा,

रविवारी पहिल्या बसने येते. तक्ता सोबत आणते आहे, दोन फळ्यांत बांधून. तो मांडीवर ठेवायला जागा लागेल, म्हणून शेजारची सीट रिकामी मिळू दे एवढंच मागणं.

पाहुणचार नको. विहीणबाईंना सांगा, स्वयंपाकघरात अडकू नका, फळीवर या. मला एक उशी, पाण्याची एक वाटी आणि सावली न पडणारी जागा पुरे.

माझ्या वयाच्या बाईने पोटावर पडून सरकायचं का, हे तिथे आल्यावर ठरवीन.

आणि पिण्याचं पाणी तुम्ही आणून द्यायचं. एक ग्लास बाकी आहे.

— विहीण


१३ एप्रिल

व्याहीबुवा,

आज नऊ वाजता तक्ता दिला. छापखान्याच्या माणसाने डोळ्यांवर बोट ठेवून विचारलं, "हे असेच?" म्हटलं, असेच. त्याने पावती फाडली.

काल तुमच्यासमोर सांगायचं राहिलं ते लिहिते. तो आला तेव्हा आधी पंखच पाहत बसले. मी काढते ती जाळी जागच्या जागीच असते. त्याची प्रत्येक वळणावर वाकत होती आणि सरळ होत होती. मग तो फळीला लटकला आणि मी सरकले. होय, पोटावर. विहीणबाईंनी माझे पाय धरले होते, हे कुणाला सांगू नका.

मी भरलेला हिरवा फार गोड होता. पेपरमिंटच्या गोळीचा असतो तसा. पाच वेळा रंग कालवला. त्याच्या डोळ्यांचा हिरवा आत खोल आहे आणि वरून निळा त्यावर धुक्यासारखा बसतो. खरवडायची गरज पडली नाही. वरून दोन पातळ हात दिले आणि तो गोडवा उतरला.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच चिठ्ठीवर नाही. त्याच्या डोळ्यांत एक काळा ठिपका होता. मी डावीकडे झुकले तर ठिपका माझ्याकडे सरकला. उजवीकडे झुकले, तिकडेही आला. एका डोळ्यात हजारो बारीक डोळे असतात हे मी किती वेळा शिकवलं असेल. जे नेमके आपल्याकडे रोखलेले असतात ते काळे दिसतात, म्हणून ठिपका आपल्यामागे फिरतो. हेही मला ठाऊक होतं, वाचून. मेलेल्यात तो राहत नाही, आणि माझ्या एकाही चित्रात नाही.

तुम्ही लग्नात बोललात ते याबद्दल होतं. काय कमी आहे ते तुम्हाला सांगता येत नव्हतं, मला दिसत नव्हतं. आता तक्त्यावर तो ठिपका आहे, दोन्ही डोळ्यांत. तक्त्यासमोर मधोमध उभं राहिलं की तो बघतो.

आज दुपारी दातांच्या डॉक्टरांकडून छोटा आरसा मागून आणला आणि चिठ्ठ्यांच्या खालून फिरवला. टाचणीला हात न लावता. आतापर्यंत एकोणीस चिठ्ठ्यांच्या मागे तीच पेन्सिल आहे. चिठ्ठीवाले काका शेजारी उभे होते. म्हणाले, "थट्टा नव्हती म्हणायची." निवृत्तीपर्यंत उरलेले सगळे खण आम्ही दोघं बघणार आहोत.

मुलांच्या घरी गेले होते, बसस्टँडवरूनच. भिंतीवरचं चित्र उतरवून आणलं आहे. काय करणार ते सांगितलं नाही.

पाणी थंड होतं. आवडलं.

— विहीण


१६ एप्रिल

विहीणबाई,

लेकीचा फोन आला होता. "बाबा, सासूबाईंनी चित्र नेलं. तुम्ही परत काही बोललात का?" म्हटलं, मी कशाला बोलतो. हे तिसरं खोटं नाही, मी खरंच काही बोललो नाही. आमची ही शेजारून ओरडली, "फुलवाल्याला विचार." तुमचे पाय धरल्याची गोष्ट मात्र तिने सगळ्या आळीत सांगितली आहे.

मगांतले उरलेले नऊ जण पलीकडच्या बागेतल्या कुंडात सोडले. सातव्याला शेवटी. खराटा नवीन आणला.

वाकड्या रविवारी संध्याकाळपर्यंत होता. एक मादी आली होती. दोघं एकमेकांना धरून चाकासारखे गोल झाले आणि तसेच उडत गेले. नंतर ती एकटी शिडीजवळच्या शेवाळात शेपूट बुडवून अंडी घालत होती. त्या शेवाळाचा एक टोपलाभर भाग मी काढून त्याच कुंडात टाकला आहे. पुढच्या वर्षी जबड्यासह अखंड काती लागल्या तर तिथे पाहीन.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाणी सोडायला खाली उतरलो. व्हॉल्व्ह फिरेना. तेल घातलं, पान्याला पाइप लावून जोर केला, पहारेकऱ्यालाही बोलावलं. खरंच अडकला होता. मॅनेजरसाहेब वरून म्हणाले, "मी म्हणत होतो ना, प्लंबर आणू." प्लंबर अकराला आला. तेवढ्या वेळात शिडीवरून आणखी तीन उडाले.

— व्याही